तिन्ही वीक, तरी सरच पायजे

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या क्लासच्या डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की नव्या बॅचपासून मी रिझनिंग शिकवायचं नाही.

आधी बसा म्हणाले, पाणी घ्या म्हणाले, ऊन किती आहे म्हणाले, आणि मग हे. कूलरचा आवाज एवढा होता की मला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं.

“तुम्ही मराठी व्याकरण घ्या,” ते म्हणाले. “तुमचं मराठी किती चांगलं आहे मॅडम. रिझनिंगले मी एक सर पाहून ठेवले.”

“काहून?”

“पोट्टे म्हणून राहिले, रिझनिंगले सर पायजे.”

“कोणते पोट्टे?”

“फीडबॅक आहे.”

“कोणाचा? मले नाव सांगा, मी त्यालेच विचारते.”

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला आणि दुसरं कारण काढलं. रस्त्यापलीकडच्या क्लासमध्ये गणित आणि रिझनिंग दोन्हीला सरच आहेत, आणि तिकडे गर्दी आहे. मी गप्प बसले आहे असं पाहून त्यांना धीर आला. आवाज खाली आणून, जणू माझ्याच भल्याचं सांगतोय अशा सुरात ते म्हणाले, “आन एक सांगू काय मॅडम? बाईमाणूस समजावून छान सांगते. पण रिझनिंगले एक दरारा लागते ना, तो पुरुषाचाच राहते.”

नागपुरात नंदनवनमधला आमचा हा क्लास, खाली औषधांचं दुकान, वर दोन मजले. बँक, तलाठी, पोलीस भरती, सगळ्याची तयारी करून घेतो. इथे मी कितीतरी बॅचेसना रिझनिंग शिकवलं. त्यात माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे युक्तिवाद ओळखण्याचा. परीक्षेत एक प्रश्न देतात, अमुक करावं का म्हणून. खाली दोन-तीन कारणं देतात, काही होय म्हणणारी, काही नाही म्हणणारी. तुमचं मत कोणी विचारत नाही. एवढंच ओळखायचं, की दिलेलं कारण त्या प्रश्नाला खरंच लागू पडतं का, त्यात वजन आहे का. पुस्तकात त्याला सबळ आणि दुर्बळ युक्तिवाद म्हणतात. मुलं स्ट्राँग आणि वीक म्हणतात.

पहिल्या आठवड्यात सगळी मुलं एकच चूक करतात. पटलं ते स्ट्राँग, नाही पटलं ते वीक. मी फळ्यावर लिहायचे, ‘मिहानमधल्या कंपन्यांनी मुलींना रात्रपाळीत घ्यावं का?’ खाली कारणं लिहायचे. नाही, कारण आजवर घेतलं नाही. होय, कारण परदेशात घेतात. होय, कारण जाण्यायेण्याची सुरक्षित सोय करता येते, आणि ती केली की मुलींना संधी नाकारायला आधार उरत नाही. पहिली दोन कारणं वीक, तिसरं स्ट्राँग. दर बॅचला एक तरी मुलगा उठून म्हणायचा, “पण मॅडम, मी माझ्या बहिणीले नाही पाठवणार.” मी म्हणायचे, “नको पाठवू. ते तुमच्या घरचं. मले फक्त हे सांग, कारण कसं आहे?” तो मान खाजवायचा आणि म्हणायचा, “स्ट्राँग आहे.” त्याचं मत बदललं की नाही याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पण आपलं मत एका बाजूला ठेवून कारणाकडे पाहायला तो शिकला, याचा मला फार आनंद व्हायचा.

आणि आता माझ्यासमोर बसलेला माणूस मला तीन कारणं देत होता. तिन्ही अशी, की माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यातल्या पोरीनंही ती खोडली असती.

“सर, हे तिन्ही वीक आहेत,” मी म्हणाले.

ते हसले. “मॅडम, हा काय पेपर आहे?”

त्या हसण्यानं माझा जो जीव जळला, तो अजून विझलेला नाही.

घरी आले. माझा नवरा सिंचन खात्यात कारकून आहे. तो ऑफिसातून येऊन कूलरमध्ये पाणी भरत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं बादली खाली ठेवली आणि म्हणाला, “मंग मराठी शिकव ना. डोक्याले ताप कमी. काहून एवढी तापून राहिली वं?”

“कारण त्यानं दिलेलं एक बी कारण खरं नाही.”

“खरं नसन. पण त्याचा क्लास आहे.”

हे मात्र खरं कारण होतं. त्याचा क्लास आहे, त्याला वाटलं, त्यानं केलं. डायरेक्टरांनी मला तेवढंच सांगितलं असतं तर मी चिडले असते, पण इतकी चिडले नसते. माणूस आपल्या मनातलं करतो ते करतो, वरून त्याला कारणांची शाल पांघरतो आणि समोरच्यानं त्या शालीचं कौतुक करावं अशी अपेक्षा ठेवतो. त्या संध्याकाळी मी अंबाडीची भाजी केली. ती इतकी खारट झाली की नवऱ्यानं दही मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी डायरेक्टरांना म्हणाले, “ठीक आहे. पोट्ट्यांचा फीडबॅक आहे ना? मंग पोट्ट्यांसमोरच होऊ द्या. तुमचे सर एक तास घेतील, मी एक तास घेईन. विषय एकच, युक्तिवाद. मुलं सांगतील.”

त्यांना नाही म्हणता आलं नाही, कारण फीडबॅकची गोष्ट त्यांनीच काढली होती.

नवे सर आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, आवाज खणखणीत. वर्ग सुरू होण्याआधी ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, हा तुमचा विषय आहे हे मले माहीत नव्हतं. मले जागा रिकामी आहे म्हणूनच सांगितलं.” मला त्यांच्यावर रागावायचं होतं, पण त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

त्यांचा तास आधी झाला. त्यांनी शॉर्टकट शिकवले. “‘फक्त’ हा शब्द दिसला, वीक. ‘सगळे’ दिसला, वीक. ‘देशाचं हित’ दिसलं, स्ट्राँग. वाचत बसायचंच नाही, टिक करायचं आन पुढं!” मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. वाचायचंच नाही! कारण तपासायला शिकवणारा हा एकच भाग, आणि तो न वाचता उरकायची युक्ती.

मग मी उभी राहिले. फळा पुसला आणि लिहिलं, ‘रिझनिंग शिकवायला पुरुषच असावा का?’ खाली डायरेक्टरांची तिन्ही कारणं लिहिली. होय, कारण मुलांना तसं वाटतं. होय, कारण दुसऱ्या क्लासमध्ये तसंच आहे. होय, कारण पुरुषाचा दरारा असतो.

डायरेक्टर दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

पहिला हात एका मुलीचा वर गेला. भिवापूरकडची होती. वडील मिरची पिकवायचे, ही नंदनवनमध्ये चार मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. बारीक चणीची, पण बोलायला लागली की शब्द ठोकून बसवल्यासारखे यायचे.

“पहिलं वीक आहे,” ती म्हणाली. “वाटते हे कारण नाही. काहून वाटते ते सांगावं लागन.”

दुसरं कारण एका मुलानं खोडलं. दुसरीकडे आहे म्हणून इकडे असावं असं होत नाही, तिकडंच चुकत असू शकते. तिसऱ्यासाठी शेवटच्या बाकावरचा एक धिप्पाड मुलगा उठला. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. “हे बी वीक आहे मॅडम. दराऱ्याचा आन शिकवण्याचा संबंध काय? आन तसा तुमचा दरारा आहेच.”

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, झालं.

“म्हणजे?” मी विचारलं.

“तिन्ही वीक.” त्यानं मान खाजवली. “पण मॅडम, खरं सांगू काय? तिन्ही वीक, तरी रिझनिंगले सरच पायजे.”

“काहून?”

“काहून म्हणजे...” त्यानं खरंच विचार केला. उद्धटपणा त्यात अजिबात नव्हता. “असंच. सर बरे वाटते.”

डायरेक्टरांनी तिथेच हात वर करायला लावले. मुलांचे हात सरांसाठी वर गेले. माझ्यासाठी थोड्या मुलींचे. बाकीच्या मुलींचे हातसुद्धा सरांसाठीच वर होते, आणि ते मला जास्त लागलं. जिना उतरताना डायरेक्टर मला म्हणाले, “पाहिलं ना मॅडम?”

पाहिलं. मी जे शिकवलं ते त्या मुलांना अचूक आलं होतं, हेही पाहिलं. उत्तर बरोबर काढून त्यांनी ते बाजूला सारलं होतं. त्या मुलाला एकही कारण सापडलं नाही, आणि कारण न सापडल्यानं त्याचं काही अडलंही नाही. मी स्कूटर काढली आणि सक्करदऱ्याच्या चौकात सिग्नल सुटला तरी उभीच राहिले. मागचा ऑटोवाला ओरडला, “ओ मॅडम, झोपल्या काय?” मी त्यालाही बोलले. काय बोलले आठवत नाही, पण चांगलं नव्हतं.

मग मी मराठी व्याकरण शिकवू लागले. समास, प्रयोग, विभक्ती. मला मराठी आवडतं, पण शिक्षा म्हणून दिलेली कोणतीही गोष्ट कडू लागते. शेजारच्या वर्गातून सरांचा आवाज यायचा, “वाचायचं नाही, टिक करायचं!”

हे पावसाळा लागेपर्यंत चाललं. एके दिवशी भिवापूरच्या त्या मुलीचे वडील आणखी दोन मुलींच्या वडलांना घेऊन क्लासमध्ये आले. मी शेजारच्या स्टाफरूममध्ये होते, मधली भिंत प्लायवूडची. सगळं ऐकू आलं.

“आमी पोरी इथं टाकल्या ते मॅडम आहे म्हणून,” मुलीचे वडील म्हणाले. “संध्याकाळची बॅच. अंधार पडते. सर असन तर आमी पोरी ठेवत नाही.”

डायरेक्टरांना निर्णय बदलायला चहा येईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. “अरे, तुमी काळजी काहून करता भाऊ? मुलींसाठी स्पेशल बॅच करून टाकू. मॅडमच घेतील.”

मला रिझनिंग परत मिळालं. अर्धं. मुलींचं.

ते मला सांगायला आले तेव्हा त्यांचा चेहरा बक्षीस द्यायला आल्यासारखा होता. मी काय ऐकलं होतं? मी चांगली शिकवते हे कोणीच म्हटलं नव्हतं. मी तिथे पाहिजे होते ती दाराला कडी पाहिजे तशी. आणि त्या तरुण सरांनी कोणाचं काय वाईट केलं होतं, की त्यांच्या वर्गात पोरगी बसवायची नाही? त्या कारणात माझा अपमान होता, त्यांचा होता, आणि मुलींचा तर होताच. फळ्यावर लिहिलं असतं तर माझ्या मुलींनी एका श्वासात सांगितलं असतं, वीक.

त्या मुलीला मी जिन्यात गाठलं. म्हटलं, “तुझे वडील काय बोलले ते ऐकलं मी.”

ती हसली. “ते मीच सांगितलं मॅडम त्याइले बोलायले. बाकीच्याइले बी मीच फोन लावाले लावला.”

“तू?”

“मंग काय करू? वर्गात तुमी तीन कारणं खोडली. काय झालं? जे कारण त्याइले चालते तेच द्यावं लागते.” मग थोडं घाबरून म्हणाली, “तुमाले राग आला काय?”

आला होता. तिच्यावरही आला आणि ज्यांनी तिला हे शिकायला लावलं त्यांच्यावरही आला. पण त्याच वेळी मला माझी आई आठवली.

आमचं गाव उमरेडच्या बाजूचं. बारावीनंतर मला नागपूरला शिकायचं होतं. काका म्हणाले, तिकडं पोरी बिघडतात. बाबांनी मान हलवली आणि विषय संपला. मग चार दिवसांनी आईनं बाबांना जेवताना सांगितलं, “शहरात शिकलेल्या पोरीले नोकरीवाला नवरा भेटते.” बाबांना हे पटलं आणि मी नागपूरला आले. आई मला माजघरात म्हणाली होती, “आता जा तू. कारण कोणतं बी असो.” मला ती केवढी हुशार वाटली होती! आणि दुसऱ्या वर्षाला असताना नोकरीवाला नवरा मिळाला. बाबांनी लगेच माझं कॉलेज बंद केलं. मी रडले, भांडले. ते म्हणाले, “ज्याच्यासाठी पाठवली ते झालं ना?” त्यांचं बोलणं बरोबर होतं. ज्या कारणावर मला पाठवलं होतं ते पुरं झालं होतं, मग मी शिकायचं कशाला? राहिलेलं कॉलेज मी लग्नानंतर केलं, सासरी राहून, आणि ते कसं केलं हे इथे सांगत बसत नाही.

हे सगळं मी त्या मुलीला जिन्यातच सांगितलं. म्हटलं, “मॅडम आहे म्हणून तुले शिकू देऊन राहिले. उद्या मॅडम नसली तर?”

“तुमी कुठं चालल्या मॅडम?” ती म्हणाली आणि उड्या मारत वर गेली.

मी मुलींची बॅच घेतली. नाही म्हणाले असते तर त्या तिघी घरी गेल्या असत्या, कदाचित आणखीही. हे कारण मी उलटसुलट करून पाहिलं. पक्कं होतं. पण डायरेक्टरांनी बाहेर फ्लेक्स लावला, ‘मुलींसाठी खास मॅडम’, आणि त्यावर माझा फोटो, मला न विचारता. मी दुसऱ्या दिवशी शिडी मागवून, समोर उभं राहून तो उतरवायला लावला. “अहो मॅडम, जाहिरात आहे,” ते म्हणाले. मी म्हणाले, “फोटो माझा आहे.” याच्यावर त्यांच्याकडे कारण नव्हतं.

दिवाळी झाली आणि मला डेंग्यू झाला. आधी ताप, मग हाडं फुटल्यासारखं दुखणं, मग दवाखाना. नवऱ्यानं रजा टाकली आणि पपईच्या पानांपासून किवीपर्यंत जे जे कोणी सांगितलं ते ते आणलं. माझे तास अर्थातच सर घेत होते.

मी उठून क्लासमध्ये गेले तेव्हा भिवापूरच्या मुलीची जागा रिकामी होती. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. वडलांचा रोजचा फोन आला होता. अभ्यास कसा सुरू आहे म्हणून त्यांनी विचारलं, आणि ही सहज बोलून गेली, “मॅडम आजारी आहे, सर घेऊन राहिले.” दुसऱ्या दिवशी वडील एसटीनं आले आणि तिची बॅग भरून घेऊन गेले. परीक्षा दोन महिन्यांवर होती.

मी डायरेक्टरांकडे गेले. “तुम्ही थांबवलं नाही त्यांना?”

“मी काय थांबवणार मॅडम? त्यांची पोरगी आहे.” मग म्हणाले, “फी तर पूर्ण भरली आहे त्यांनी.”

मी तिथे आणखी एक क्षण थांबले असते तर तो पेपरवेट माझ्या हातात आला असता.

रविवारी मी भिवापूरची बस धरली. नवरा म्हणाला, अंगात ताकद नाही, कशाला जाते? मी म्हणाले, “मी नव्हती म्हणून गेली ती.” तो सोबत येतो म्हणाला. मी नको म्हटलं.

गाव भिवापूरच्या पुढे होतं. घरासमोरच्या अंगणात लाल मिरची पसरलेली, आत पाऊल टाकताच मला ठसका लागला. मुलीच्या आईनं धावत पाणी आणलं. मुलगी मिरच्या निवडत बसली होती, मला पाहून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. वडलांनी खुर्ची पुसून दिली. “बसा मॅडम. तब्येत कशी आहे?”

माणूस चांगला होता. मला तो वाईट असायला हवा होता.

मी बोलायला सुरुवात केली. मुलगी हुशार आहे, परीक्षा जवळ आली आहे, सर सज्जन आहेत, खोलीवर चार मुली एकत्र जातात-येतात, क्लासपासून खोली हाकेच्या अंतरावर आहे. एकेक मुद्दा मी तोलून ठेवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, तुमी होत्या म्हणून पाठवली. तुमी नव्हत्या म्हणून आणली. मंग माझं चुकलं काय?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. जे कारण सगळ्यांनी मिळून त्यांच्या हातात दिलं होतं, डायरेक्टरांनी ज्याच्यावर बॅच उभी केली होती, मीही ज्या बॅचवर उभी राहिले होते, ते कारण त्यांनी शेवटपर्यंत नेलं होतं. एवढा राग आला मला, आणि काढायला समोर कोणी नाही.

मुलीच्या हातात मिरची होती. ती म्हणाली, “बाबा, ते कारण खोटं होतं.”

“कोणतं?”

“मॅडम आहे म्हणून जाते, ते. तुमच्या तोंडून ते मीच वदवलं. मॅडम चांगलं शिकवते, पण मॅडम असो का सर असो, मले परीक्षा द्यायची आहे. मले नोकरी करायची आहे.”

वडील तिच्याकडे पाहत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला, ठसक्यानं की कशानं, कळलं नाही.

“मंग तेव्हाच काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर पाठवलं असतं काय?”

वडील खाली मिरचीकडे पाहत म्हणाले, “नसती पाठवली.”

“काहून?” मुलीनं विचारलं.

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता हे संपलं. मुलगी रडत नव्हती. ती रागानं मिरच्यांचे देठ मोडू लागली आणि मीही तिच्या शेजारी बसून मोडू लागले, एक डेंग्यूतून उठलेली बाई आणि एक पोरगी, मधे मिरचीचा ढीग. मग आईनं चहा आणला. ते बाहेर आले, चहा प्याले, मला बस स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडलं. बस आली तेव्हा फक्त म्हणाले, “तब्येतीले जपा मॅडम.”

मी नागपूरला पोचले ती रिकाम्या हातानं.

आठवडा गेला असेल. एका संध्याकाळी ती क्लासमध्ये आली, बॅग खांद्याला. मुलींच्या बॅचमध्ये आली नाही. सरळ शेजारच्या, सरांच्या वर्गात गेली, मुलांच्या मधल्या रांगेत जागा केली आणि बसली. तास सुटल्यावर मी विचारलं, “बाबांनी परवानगी दिली?”

“नाही.”

“मंग?”

“मी बॅग भरून निघाली. ते दारात उभे होते. अडवलं नाही त्याइनं. बस स्टँडवर सोडून दिलं.” मग म्हणाली, “आता फोन बी येते रोज. कोण शिकवते ते विचारत नाहीत. जेवली काय, एवढंच विचारतात.”

दुसऱ्या दिवशी मी डायरेक्टरांना सांगितलं, की मुलींची आणि मुलांची बॅच एकत्र करा, एक दिवस मी घेईन, एक दिवस सर घेतील, नाहीतर मी जाते. सर तिथेच होते. ते म्हणाले, “मले चालते. युक्तिवादाचा भाग मॅडमनीच घ्यावा. माझा शॉर्टकट या वेळच्या सराव पेपरात चालला नाही, मुलं बोंबलून राहिली.” डायरेक्टर म्हणाले, पाहू. गेले दोन महिने ते पाहूनच राहिले आहेत. आम्ही दोघांनी मात्र त्यांच्या होकाराची वाट पाहिली नाही, दोन वर्गांमधलं दार उघडून तास एकत्र घ्यायला सुरुवात केली. परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे.

माझा राग गेलेला नाही. त्या धिप्पाड मुलाच्या ‘असंच’वर मी अजून रात्रंदिवस चिडते, कारण त्याच्यापुढे माझं सगळं शास्त्र थांबतं. परवा एक पालक चौकशीला आले होते. डायरेक्टरांनी माझी ओळख करून दिली, “या आमच्या लेडीज बॅचच्या मॅडम.”

“रिझनिंगच्या,” मी म्हणाले.